मास्तरांच्या मापाची गाडी

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. शिंप्याला मास्तर म्हणायची रीत कुणी पाडली कोण जाणे, पण ती इतकी मुरली आहे की शाळेतले खरे मास्तरही पँट आखूड करायला आले की यांना मास्तरच म्हणतात. तुमचे विद्यार्थी किती, असं कुणी विचारत नाही.

दुकान अकरा बाय नऊ. आत शिरलं की डावीकडे कापायचं टेबल, त्याखाली चिंध्यांचं पोतं, समोर मास्तरांचं मशीन आणि खिडकीशी उंच स्टुलावर मास्तरीणबाई. काज, बटण, हातशिलाई त्यांच्याकडे. शिवण मास्तरांची, पण कपडा गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधीची शेवटची नजर बाईंची. त्या नजरेतून परत आलेला कपडा मास्तर निमूटपणे उसवायला घेतात. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांची बहुतेक भांडणं उसवण्यानेच मिटलेली आहेत.

मास्तरांची उंची पाच फूट एक इंच. ते स्वतः पाच फूट दीड सांगतात. दुसऱ्याच्या मापात ते सूतभर इकडचं तिकडे होऊ देत नाहीत, हे लक्षात घेता एवढा अर्धा इंच त्यांना सोडून द्यायला हरकत नाही.

या उंचीचा त्रास त्यांना कपड्यांत कधी झाला नाही, कारण कपडे ते स्वतः शिवतात. त्रास झाला तो मोटारसायकलचा. बाजारात मिळणारी प्रत्येक मोटारसायकल त्यांच्या दृष्टीने रेडीमेड होती, आणि रेडीमेडबद्दल त्यांचं मत आधीपासूनच वाईट होतं. सीटवर बसलं की दोन्ही चवडे जमिनीला जेमतेम लागायचे, टाचा अधांतरी. तशा अवस्थेत त्यांनी बारा वर्षं गाडी चालवली. मग एकदा उताराच्या चौकात लाल दिवा लागला. मागे बाई आणि शाळेच्या अकरा गणवेशांचा गठ्ठा. मास्तर डावा पाय टेकवायला गेले. रस्ता होता, पण दोन इंच खाली. गाडी, बाई, गणवेश आणि मास्तर या क्रमाने सगळे आडवे झाले. बाईंचं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं आणि दुकानातली काजं तुंबली.

प्लास्टर निघाल्यावर बाई पहिली गोष्ट काय शिकल्या तर स्कूटर. तेव्हापासून आठ वर्षं त्या पुढे आणि मास्तर मागे, मांडीवर गठ्ठा घेऊन. समोरचा इस्त्रीवाला सुरुवातीला रोज विचारायचा, "काय मास्तर, ड्रायव्हर ठेवलाय वाटतं?"

"ड्रायव्हर नाही हो," बाई स्कूटर स्टँडला लावत म्हणायच्या. "मीच यांना ठेवलंय, गठ्ठा धरायला."

मास्तर हसायचे. गठ्ठा घेऊन आत जायचे. त्या चौकाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, आणि मोटारसायकलबद्दलही नाही.

मग मास्तरांचे सासरे गेले. ते जमीन मोजणी खात्यात होते. सहा फूट उंच, लांब ढांगांचे, आणि त्यांची मोटारसायकलही तशीच. जुनी, एका सिलिंडरची, उंच, जड. बावीस वर्षं त्यांनी तिच्यावरून बांध मोजले. टाकीच्या दोन्ही बाजूंचा रंग त्यांच्या गुडघ्यांनी घासून गेला होता आणि खालचा पत्रा नाण्यासारखा चमकत होता. बाकी वाटणीचा प्रश्न आला नाही, कारण वाटण्यासारखं फार नव्हतं. प्रश्न आला तो गाडीचा.

मेहुण्याचं, म्हणजे बाईंच्या धाकट्या भावाचं म्हणणं असं की गाडी साफसूफ करून त्याच्या पार्किंगमध्ये उभी ठेवावी. बाबांची आठवण.

"उभीच ठेवायची तर बाबांचा फोटो आहे की," बाई म्हणाल्या. "त्यात हवा भरावी लागत नाही. गाडी चालली पाहिजे. मी नेते."

"चालवणार कोण ताई? भावोजी?" असं म्हणून मेहुणा हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. म्हणूनच ते लागलं.

"चालेल," बाई म्हणाल्या. "तू बघच."

गाडी टेम्पोतून आली आणि दुकानामागच्या बोळात पाच महिने उभी राहिली, म्हणजे मेहुण्याकडे राहिली असती तशीच. फरक एवढाच की इथे तिच्या हँडलवर कधी कधी अस्तराचं कापड वाळत असे.

पुढचं सगळं एका जाकिटामुळे घडलं. एका गिऱ्हाइकाने मासिकातलं एक पान आणून दिलं: मला हे असंच्या असं शिवून द्या. पानावर जाकीट घातलेला एक माणूस मोटारसायकलवर बसला होता. मास्तरांनी दोन दिवस खिसे, कॉलर, बाहीचा तिरकेपणा हेच पाहिलं. तिसऱ्या दिवशी पँटच्या लांबीचा अंदाज घेताना त्यांच्या लक्षात आलं की या माणसाचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट आहेत आणि वर गुडघेही वाकलेले आहेत. माणूस काही फार उंच नव्हता. बाहीवरूनच ते कळत होतं. म्हणजे गाडी बुटकी होती. पानाच्या कोपऱ्यात तिची जात लिहिली होती: बॉबर.

बॉबर म्हणजे काय ते मास्तरांनी दोन मेकॅनिकांना आणि एका पुतण्याला विचारून घेतलं. जुनी गाडी घ्यायची, नको ते सगळं काढून टाकायचं, मडगार्ड तोकडं करायचं, मागचे शॉकअब काढून सांगाडा खाली घ्यायचा आणि त्यावर एकच, एकाचीच सीट बसवायची. मास्तरांना हे ऐकून नवल वाटलं नाही. मोठ्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगात बसवायचं काम ते वर्षाला पंधरा-वीसदा करत होते.

"ती कापावी लागेल," दुपारी ते म्हणाले.

"काय?"

"गाडी."

बाईंनी सुईत दोरा ओवून घेतला, गाठ मारली, मग विचारलं, "कुठून?"

"मागून. इंजिन, टाकी, पुढचं चाक सगळं राहील. मागचा भाग खाली येईल. सीट मात्र एकाचीच. बॉबर एकाचीच असते."

"बरंच झालं. मला बस म्हणायचा प्रश्न नाही." बाईंनी दोन टाके घातले. "पण ऐका. मी भावाला तोंडावर सांगून आलेय की गाडी चालेल. ती कापून चार तुकड्यांत बोळात पडली तर मला त्या घरात पाय ठेवायची सोय राहणार नाही. कापायची तर एकदाच. आणि पुन्हा चालली पाहिजे. आणि टाकीला हात लावायचा नाही, रंगसुद्धा नाही."

"नाही लावणार."

"मग कापा."

कामाला सुरुवात मापाने झाली. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. वाकलं की माप बदलतं. तेव्हा मास्तर टेबलाला पाठ लावून उभे राहिले आणि बाईंनी टेप धरली. आतल्या पायाची लांबी बुटासकट सत्तावीस. त्यावरून मास्तरांनी ठरवलं की सीट जमिनीपासून पंचवीस इंचांवर हवी. मग गुडघा, हात, हँडलची पोच. दुकानातली दोन स्टुलं आणि एक उशी यांची मोटारसायकल करून ते तासभर बसून राहिले. एक बाई ब्लाउज न्यायला आल्या, त्यांनी पाहिलं आणि नंतर येते म्हणाल्या.

मग आला खाकी कागद. मास्तरांनी गाडीचा मागचा भाग खऱ्या मापात कागदावर काढला, एकेक तुकडा वेगळा: वरचे दोन पाइप, खालचे दोन, सीटखालचे उभे आधार, सीट जिच्यावर बसते ती पट्टी. प्रत्येक तुकड्यावर नाव, बाण, आणि कुठला कुठे जोडायचा याच्या खुणा. कागद इतके देखणे झाले की बाईंनी ते खिळ्याला टांगून ठेवले.

लोखंडाचं काम घेतलं मिस्त्रींनी. हे मिस्त्री दारं, जाळ्या, जिन्याचे कठडे करतात. नव्वद किलोचे, मोजकं बोलणारे.

"माझं सगळं काम जागेवर उभं राहणारं आहे मास्तर," कागद बघून ते म्हणाले. "पळणारं हे पहिलंच."

"जमेल ना?"

"कागद चांगले आहेत. कागदाबरहुकूम करून देतो."

आणि त्यांनी दिलं. पुढचे दोन महिने मास्तर संध्याकाळी दुकान बंद करून वर्कशॉपवर जात. मिस्त्री कापत, घासत, जोडत. मास्तर सीट शिवत. तिच्यासाठी जाड चामडं आणलं होतं. दुहेरी शिलाई घालताना सात सुया मोडल्या, पण शिलाई अशी सरळ आली की मिस्त्रींनी तिच्यावरून बोट फिरवून पाहिलं. सीटखाली सायकलच्या गादीच्या दोन स्प्रिंगा घातल्या. मडगार्ड कापून अर्ध्यावर आणलं. इंजिन एका मेकॅनिकने उघडून, धुऊन, परत लावून दिलं. सासऱ्यांची टाकी होती तशीच वर चढली.

एका गुरुवारी ट्रायल ठरली. मास्तर गाडीवर बसले, स्टँड काढला, पाय खाली सोडले. चवडे टेकले. टाचा अधांतरी.

त्यांनी थोडं पुढे, मग थोडं मागे सरकून पाहिलं.

"मिस्त्री, टायरात हवा जास्त आहे का?"

मिस्त्रींनी हवा कमी केली. टाचा होत्या तिथेच राहिल्या. मग टेप निघाली. सीट सत्तावीस इंचांवर होती, पंचवीस नाही. मिस्त्रींनी खाकी कागद आणून प्रत्येक पाइपाला लावून दाखवला. कागद आणि लोखंड यांत सुताचा फरक नव्हता. मास्तरांना आपल्या कागदात चूक दिसेना, मिस्त्रींना आपल्या लोखंडात दिसेना, आणि दोन्ही बरोबर असून गाडी दोन इंच उंच होती. उरलं होतं फक्त मूळ माप, आणि ते बाईंनी घेतलं होतं. हा विचार मास्तरांच्या मनात आला आणि त्यांनी तो तिथेच ठेवला.

"पुन्हा कापून खाली घेऊ," ते म्हणाले.

"कुठे कापू? दोन्ही टोकांना सांधे आहेत. सांध्यावर सांधा मी देत नाही. खिडकीचा गज सुटला तर चोर आत येतो. हा सुटला तर तुम्ही बाहेर."

"मग?"

"मग मागचं सगळं नवीन. म्हणजे मूळ सांगाड्याला पुन्हा कापणं आलं. तो जुना आहे. दुसऱ्यांदा कितपत साथ देईल, मी लिहून देणार नाही."

घरी बाईंनी विचारलं, "झाली ट्रायल?"

"फिनिशिंग चालू आहे," मास्तर म्हणाले.

हे वाक्य बाईंनी एकतीस वर्षं ऐकलं होतं. मास्तर ते गिऱ्हाइकांना सांगतात, आणि त्याचा अर्थ कपडा अजून कापलेला नाही किंवा कापताना काहीतरी बिघडलं आहे, असा होतो. शुक्रवारी फिनिशिंग चालू होतं. शनिवारी, रविवारीही चालू होतं. सोमवारी मेहुण्याचा फोन आला की येत्या रविवारी येतो, बाबांची गाडी बघायची आहे. मास्तरांनी त्या दिवशी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

बाईंनी त्या बाह्या बघितल्या, शर्ट टेबलावर ठेवला आणि स्कूटरची किल्ली घेतली. "चला."

"कुठे?"

"फिनिशिंग बघायला."

वर्कशॉपमध्ये बाईंनी आधी टाकी पाहिली. मग गाडीभोवती एक फेरी मारली. मग मास्तरांना म्हणाल्या, "बसा." मास्तर बसले. बाईंनी त्यांच्या टाचांकडे पाहिलं, जसं त्या कपड्याकडे बघतात तसं.

"माप चुकलं असेल कुठेतरी," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

"माप मी घेतलंय. कागद कुठेत?"

मिस्त्रींनी कागद दिले. बाईंनी पहिलाच कागद उजेडात धरला.

"याला मार्जिन कशाला ठेवलंय?"

मिस्त्री कागदावर वाकले.

"कसलं मार्जिन वहिनी?" मिस्त्रींनी विचारलं.

"हे काय. ही तुटक रेघ शिलाईची. ही बाहेरची कापायची. मधला अर्धा इंच आत दुमडायचा. वरून अर्धा, खालून अर्धा. आधाराला एक इंच, पट्टीला एक इंच. झाले दोन."

मिस्त्रींनी कागद हातात घेऊन पुन्हा बघितला. "मला वाटलं ही तुटक रेघ म्हणजे पाइपाची आतली बाजू. आमच्यात जे बाहेरून दिसत नाही ते तुटक काढतात."

"आमच्यातही ते आतच जातं, दिसत नाही. मग दुमडलं का नाही?"

"पाइप आहे वहिनी."

मास्तर गाडीवरून उतरले नव्हते. "मी मार्जिन ठेवल्याशिवाय आजवर काही कापलेलं नाही," ते हळू म्हणाले. "हाताला कळलंच नाही. पुढेमागे लागलं तर सोडता येतं."

"कोण सोडणार होतं? तुम्ही वाढणार होतात?"

मिस्त्री खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी सांध्यावर सांधा न देण्याची गोष्ट बाईंना पुन्हा सांगितली. बाईंनी पूर्ण ऐकून घेतली. मग उभ्या आधाराला टोकापासून टोकापर्यंत हात लावून पाहिला.

"कफ तयार आहे आणि बाही लांब झालीय, तर आपण कफ उसवतो का?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"नाही. बाही वर खांद्यातून काढतो."

"मग हिची टोकं कशाला उसवायची? टोकं राहू देत. मधे अख्खा पाइप आहे, तिथून काढा."

"मधे कापलं की मधे कमजोर," मिस्त्री म्हणाले.

"कॉलर कमजोर पडते तेव्हा आम्ही आत कॅनव्हास घालतो."

मिस्त्रींनी पाइपाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या ढिगातून त्यांनी एक भरीव सळई काढली आणि तिचं टोक पाइपाच्या एका उरलेल्या तुकड्यात सरकवून बघितलं. किंचित घासून काढली तर ती गच्च बसणार होती. "चार इंचांची आत जाईल," ते स्वतःशीच म्हणाले. "दोन बाजूंना भोकं पाडून तिथूनही वेल्ड भरायचं. वरून गोल सांधा." मग मोठ्याने म्हणाले, "मूळ सांगाड्याला हात लावायला नको. पट्टी तर काय, दुसरीच करतो."

मास्तर आता उतरले. "एकदाच कापायची असं ठरलं होतं," ते बाईंना म्हणाले.

"ठरलं होतं. ते मी सोडलं. चालली पाहिजे म्हणाले होते, ते नाही सोडलेलं." बाईंनी खाकी कागदांची गुंडाळी काखेत घेतली. "आणि हे आता इथे नकोत."

शनिवारी दुपारी काम झालं. मिस्त्री आधी स्वतः बसले आणि नव्वद किलोंनिशी सीटवर पंधरा-वीसदा दणादण आदळले. मग वाळूची दोन पोती मांडीवर घेऊन पुन्हा आदळले. मग खाली झोपून टॉर्च लावून दोन्ही सांधे बघितले. उठले आणि हात पुसत म्हणाले, "बसा मास्तर."

मास्तर बसले. दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. त्यांनी त्या उचलल्या, पुन्हा टेकवल्या. नंतर बूट काढून, मोजे घालूनही टेकवून बघितल्या.

"आता काय अनवाणी चालवणार आहात?" बाई म्हणाल्या.

रविवारी मेहुणा आला. त्याने तयारी बहुधा वाईट वाटण्याची करून ठेवली होती. बोळात आल्याबरोबर त्याने टाकीवर हात ठेवला, मग मागे बघितलं, जिथे पूर्वी बरंच काही होतं आणि आता एक चाक आणि तोकडं मडगार्ड होतं. "एवढीशीच राहिली," तो म्हणाला.

बाई दारात उभ्या होत्या. हातात शिवणकाम नव्हतं, आणि असं फार क्वचित होतं.

मास्तरांनी किक मारली. पहिल्या किकला काही नाही. दुसरीला खोकली. मेहुण्याने बहिणीकडे बघितलं. बहिणीने बघितलं नाही. चौथ्या किकला इंजिन लागलं आणि थडथड करत एका लयीत आलं. मास्तरांनी गाडी बोळाच्या टोकापर्यंत नेली. तिथे एक हातगाडी आडवी होती. ते थांबले, दोन्ही पाय टेकवले, हातगाडीवाल्याला सावकाश होऊ दे म्हणाले, मग वळून परत आले. परत येताना बोळातला प्रत्येक दगड त्यांच्या पाठीला कळला, कारण मागे आता शॉकअब नव्हते. चेहऱ्यावर मात्र त्यांनी ते दिसू दिलं नाही.

"आवाज तोच आहे," मेहुणा म्हणाला. "मी बघू बसून?"

तो बसला. सहा फुटी देह पंचवीस इंचांच्या सीटवर गेल्यावर गुडघे थेट छातीशी आले. हँडल मांड्यांत अडकलं. त्याने पाय इकडे तिकडे ठेवून पाहिले.

"भावोजी, ही आता दुसऱ्या कुणालाच होणार नाही."

"मापाची आहे," मास्तर म्हणाले.

"उंच माणसांसाठी बाजारात पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या, आणि आता आत जाऊन त्यांनी शिवणकाम हातात घेतलं.

मेहुणा जाताना आपल्या कारच्या डिकीतून एक घडी केलेलं कापड काढून घुटमळला. "कव्हर आणलं होतं मी बाबांच्या गाडीसाठी. वाटलं होतं, नाहीच जमलं तर झाकून घेऊन जाऊ. आता ते मोठं होईल."

मास्तरांनी ते उलगडून टेबलावर पसरलं आणि टेप काढली. "राहू द्या इथे. आखूड करतो."

वाहन कचेरीतला तपासनीस पुढच्या महिन्यात आला. कापलेली गाडी पुन्हा कागदावर चढवायची तर तो येणं भागच होतं. त्याने सांधे बघितले, ब्रेक तीनदा तपासले, रुंदी-लांबी लिहून घेतली. माणूस कडक होता आणि बुटका होता, जवळपास मास्तरांएवढाच. सगळं झाल्यावर तो म्हणाला, बसून बघावं लागेल. बसला. दोन्ही पाय टेकवले आणि हातातला फॉर्म तसाच ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. नियमात यासाठी किती वेळ दिलेला आहे ते मास्तरांना माहीत नव्हतं, म्हणून ते वाट बघत उभे राहिले. मग त्याने सही केली.

ही बातमी त्यानेच पसरवली असावी. आता आठवड्याला एखादा तरी माणूस दुकानात येतो, पँटचं निमित्त काढतो आणि बोळात उभी असलेली ती गाडी जरा बघू का, असं विचारतो. टपाल वाटणारी एक मुलगी येते. एक वकील येऊन गेले. सगळे साधारण एकाच उंचीचे. इंजिन किती ताकदीचं, मायलेज काय, असलं कुणी विचारत नाही. मास्तर कव्हर काढून देतात. माणूस बसतो, एक टाच टेकवतो, मग दुसरी, आणि हात हँडलवर ठेवून गप्प बसून राहतो. उतरायची घाई कुणालाच नसते. मास्तर तेवढ्या वेळात आत जाऊन एखादी बाही लावून घेतात, आणि हल्ली ती उजवी आहे ना, हे बाई आधीच बघून ठेवतात.